बारदानची गोधडी

दत्तमहाराजांवर मी रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. असे अनुभव लिहिणारी माणसं सुरुवातीला आपलं अज्ञान, आपलं पामरपण वगैरे सांगतात. माझ्यापाशी तेव्हा राग सोडून दुसरं काही नव्हतं. घरात नऊ वर्षांचं मांजर उपाशीपोटी मरायला टेकलं होतं आणि मी देवासमोर बसून पोथीची पानं उलटत होते. अशा वेळी आलेला राग मला आजही फारसा चुकीचा वाटत नाही. चुकीचं जे होतं ते वेगळंच होतं, आणि ते सांगायचं धाडस व्हायला मला बराच वेळ लागला.

मी कोपरखैरण्याला राहते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. यजमान वाशीच्या धान्य बाजारात एका गाळ्यावर हिशेबाचं काम बघायचे. चौदा वर्षांपूर्वी एका सकाळी रिकाम्या पोत्यांच्या ढिगात त्यांना कुत्र्याचं पिल्लू सापडलं. रिकाम्या पोत्यांना बाजारात बारदान म्हणतात, म्हणून पिल्लाचं नावही बारदान. मी म्हटलं, अहो, कुत्र्याला कुणी असं नाव ठेवतं का? ते म्हणाले, जिथून आला त्या जागेची आठवण राहू दे. यजमानांना जाऊन चार वर्षं झाली. ते गेले तेव्हा मी माझ्या जुन्या साड्यांची एक जाड गोधडी शिवली होती, हाताला काम हवं म्हणून, आणि ती बारदानला दिली. गाणगापूरहून त्यांनी आणलेलं दत्ताचं पितळी पदक बारदानच्या पट्ट्याला आधीपासूनच होतं. कुत्रे दत्ताच्या पायाशी बसतात, तर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात दत्त असायला काय हरकत, असं त्यांचं म्हणणं होतं.

राई नंतर आली. काळी, मोहरीच्या दाण्याएवढी म्हणावी इतकी लहान, पावसात भिजून जिन्यात ओरडत होती. बारदानने तिला मानेला धरून आत आणलं आणि थेट आपल्या जागेवर ठेवलं. मी दुसरी पेटी, दुसरं अंथरूण, सगळं करून पाहिलं. नऊ वर्षांत ती एक दिवस वेगळी झोपली नाही. जेवणाचंही तसंच. आधी बारदानने वाटीला तोंड लावायचं, मग राईने. दर गुरुवारी नैवेद्य झाला की मी एक पान गाईचं आणि एक कुत्र्याचं काढते, वरणभात, तूप आणि वर थोडी साय. बारदान ते खायचा आणि पानाच्या कडेला सायीचा भात तसाच सोडून बाजूला व्हायचा. राई येऊन तो चाटायची. तो विसरून ठेवायचा की मुद्दाम, हे मला कळलं नाही.

मागच्या मार्गशीर्षात, पारायणाच्या तिसऱ्या दिवशी, बारदान गेला.

गेल्यावर लोक काय काय बोलले ते मी विसरणार नाही. सोसायटीचे सेक्रेटरी दार वाजवून आले. मला वाटलं, दोन शब्द बोलतील. ते म्हणाले, “मॅडम, टेन्शन घेऊ नका, वय झालं होतं त्याचं. फक्त लिफ्टमधून नेऊ नका हां, लोक ग्रुपवर बोंबलतात.” तेरा वर्षं त्याच लिफ्टमधून तो खाली गेला, याच माणसाच्या मुलीच्या मागे पळत शाळेच्या बसपर्यंत गेला, आणि मेल्यावर लगेच लिफ्ट विटाळली. भजनी मंडळातल्या बायकांचा फोन आला. त्या म्हणाल्या, एवढं विघ्न आलं तरी तुम्ही पारायण सोडलं नाहीत, धन्य आहात. मी ते ऐकून घेतलं. खरं म्हणजे तेव्हा मला ते बरंही वाटलं, आणि याचाच मला आता सगळ्यांत जास्त राग येतो.

त्या दिवसापासून राईने खाणं सोडलं. पहिल्या दिवशी मी फार लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती घरभर हिंडत होती. सोफ्याखाली, गॅलरीत, कपाटामागे, न्हाणीघरात. प्रत्येक ठिकाणी जाऊन एक आवाज काढायची. तिचा नेहमीचा आवाज नव्हे तो. खालच्या पट्टीतला, लांबवलेला, शेवटी वर जाणारा. कुणाला हाक मारून उत्तराची वाट पाहावी तसं ती मग थोडा वेळ गप्प उभी राहायची. संध्याकाळी सहाला, बारदानच्या फिरायच्या वेळेला, दाराकडे तोंड करून बसायची आणि आठपर्यंत उठायची नाही. मी मोठ्या आवाजात रागावले, उचलून घेतलं, दूध दिलं, नेहमीचं पाकिटातलं खाणं दिलं. तिने वाटी हुंगली आणि बाजूला बघत राहिली. कोणी आधी तोंड लावेल याची वाट पाहत असावी.

नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, “वहिनी, मांजरं कुठं कुणाची होतात? भूक लागली की खाईल. कुत्र्याने जीव दिला असता, मांजर नाही देत.” आमच्या घरातली ही नऊ वर्षं तिने पाहिलेली नाहीत, पण मांजराच्या जातीबद्दल मात्र तिला सगळी खात्री. असं ठासून बोलणारी माणसं भेटली की माझं डोकं फिरतं. माणूस मेला तर तेरा दिवस घर सुतकात बसतं, दारात चपलांचा ढीग पडतो, शेजारी पिठलं-भात आणून देतात. आणि हा मुका जीव घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात आपल्या माणसाला शोधतोय, तर म्हणे भूक लागली की खाईल. मी फोन ठेवला. नंतर तीन दिवस उचलला नाही.

पारायणाच्या पाचव्या दिवशी वाचन संपवून मी राईला टोपलीत घालून वाशीला डॉक्टरकडे नेलं. तरुण मुलगी होती, हात थंड पण फार मऊ. तिने सगळं तपासलं, रक्त घेतलं आणि म्हणाली की मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर येतं, कुत्र्यासारखं ते तग धरत नाही. सिरिंजने खाऊ घालायला शिकवलं. परवा दुपारी चारपर्यंत आपणहून काही खाल्लं नाही तर भरती करून, भूल देऊन, गळ्यात नळी घालावी लागेल. मूत्रपिंडं आधीच अधू आहेत, भूल झेपेल याची खात्री देता येणार नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं. परवा म्हणजे दत्तजयंती.

मग तिने विचारलं, “दुसरा गेला तेव्हा हिला त्याच्याजवळ जाऊ दिलं होतं का? हुंगून बघू दिलं होतं?”

मी चिडले. डॉक्टरवर, त्या सरळ प्रश्नावर. म्हटलं, आमच्याकडे पारायण चालू होतं. ती लिहीत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली की त्याचं अंथरूण, पट्टा, काहीही असेल तर तिच्याजवळ ठेवा, न धुता. कधी कधी उपयोग होतो.

आता मी जे सांगायचं टाळत आले ते सांगते. बारदान माझ्यासमोर गेला. मी पाटावर बसून वाचत होते, तो माझ्यापासून दोन हातांवर, गोधडीवर पडलेला होता आणि राई त्याच्या पोटाशी. हृदय अधू होतं त्याचं, गोळ्या चालू होत्या, श्वासाला त्रास नको म्हणून पट्टा काढून उशाशी ठेवलेला असायचा. अध्याय निम्मा झाला होता आणि त्याने आवाज केला. मोठा नव्हे. मला बोलवतानाचा तो आवाज मी तेरा वर्षं ओळखत होते. अध्याय चालू असताना आसनावरून उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, हा नियम मी तीस वर्षं पाळला आहे. मी उठले नाही. वाचनाचा वेग वाढवला, एवढंच. मी वाचत असताना त्याने पुन्हा आवाज केला, आणि मग केला नाही. अध्याय संपवून, नमस्कार करून उठले तेव्हा राई त्याच्या मानेवर डोकं ठेवून बसली होती आणि तो गेला होता.

पुढे जे केलं ते तर अजून घाईत. देवासमोर प्रेत, पारायण खंडित होणार, एवढंच माझ्या डोक्यात. राईला उचलून झोपायच्या खोलीत कोंडलं. ती आतून दार ओरबाडत होती, त्या रेघा दारावर आजही आहेत. पालिकेच्या गाडीला फोन केला. वॉचमनने आणि मी त्याला पांढऱ्या चादरीत घालून जिन्याने खाली नेलं. गोधडी गुंडाळली, तिच्याबरोबर आणखी काय गुंडाळलं जातंय हे बघितलंही नाही, काळ्या पिशवीत कोंबली आणि कचऱ्याच्या जागी ठेवून आले. फरशी फिनेलने पुसली, वर गोमूत्र शिंपडलं, अंघोळ केली आणि राहिलेले अध्याय वाचून काढले. संध्याकाळी राईचं दार उघडलं, तर ती धावत त्या जागेवर आली. तिथे फिनेलचा वास होता.

डॉक्टरकडून परतताना मी रिक्षा थेट कचऱ्याच्या जागेपाशी थांबवली. पिशवी अर्थातच नव्हती. कचरा उचलणाऱ्यांना विचारलं, वॉचमनला विचारलं. वॉचमन म्हणाला की गोधडी चांगली होती, कुणीतरी नेली असेल. घरभर शोधलं. पट्टाही सापडेना. इतका स्वच्छ निकाल लावला होता मी की बारदानचा एक केससुद्धा घरात उरला नव्हता. तेव्हा मी टोपली खाली ठेवून दत्ताच्या तसबिरीसमोर उभी राहिले आणि जे बोलले ते इथे जसंच्या तसं लिहीत नाही. तात्पर्य एवढंच की, तुमच्या पायाशी चार चार कुत्रे, आणि माझा एक तुम्हाला अध्याय संपेपर्यंत थांबवता आला नाही. तुमच्यासाठी मी त्याला एकटं मरू दिलं. आता हिलाही नेणार असाल तर खुशाल न्या, पण पुन्हा या घरात पोथी उघडली जाणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाशी मास्तरणीच्या आवाजात बोलले. मग खाली बसले आणि रडले, कारण ज्याच्यावर ओरडत होते त्याच्याशिवाय सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

उरलेलं वाचन मी पूर्ण केलं. श्रद्धेने नव्हे, रागाने. सुरू केलंय तर संपवीन, मग तुझं तू बघ, अशा थाटात. दर दोन तासांनी सिरिंजने राईच्या तोंडात थोडं थोडं घालायचे, त्यातलं अर्धं ती बाहेर टाकायची. तिच्या पाठीचे मणके हाताला मोजता येत होते. हिंडणंही तिने थांबवलं होतं. ती त्या रिकाम्या फरशीवर बसून राहायची, मी अंथरलेल्या मऊ दुलईवर एकदाही गेली नाही.

जयंतीच्या दुपारी नैवेद्य दाखवला. सवयीने दोन पानं काढली. गाईचं पान खाली पाठवलं आणि कुत्र्याचं पान हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आता हे कुणाला? रस्त्यावर दहा कुत्री होती, पण पाय निघेना. एक वाजला होता. तीनला निघायचं होतं, टोपली दाराशी तयार होती. तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक म्हातारी कोळीण उभी होती. शेजारच्या बोनकोडे गावातून येऊन खालच्या रस्त्यावर ती मासळी विकते, एवढंच मला तोंडओळखीने माहीत. डोक्यावरची पाटी तिने जिन्यातच उतरवून ठेवली होती, अगदी लांब. काखेत गोधडी. माझ्या निळ्या साडीचा काठ मी दुरून ओळखला.

“बाय, या कुत्र्याचा घर तुमचाच ना?” तिने विचारलं आणि मूठ उघडली. मुठीत पट्टा होता, पट्ट्याला पदक.

तिचं म्हणणं असं. चार दिवसांपूर्वी कचऱ्याजवळ तिला ही पिशवी दिसली. शेळी व्यायलीय, थंडीची पाठीवर घालायला होईल म्हणून तिने गोधडी नेली. धुवायची म्हणून घडी न मोडता बाहेर दोरीवर टाकून ठेवली, पण नळाला पाणी कमी येत होतं, राहून गेलं. आज सकाळी धुवायला म्हणून झटकली तर आतून पट्टा पडला. देव बघून ती घाबरली. आज जयंती, आणि आपण देव कचऱ्यातून उचलून आणला. मासळी विकायची सोडून ती सकाळपासून आमच्या रस्त्यावरच्या इमारतींत पट्टा दाखवत विचारत फिरत होती. आमच्या वॉचमनने पट्टा ओळखला.

पारायण शुद्ध राहावं म्हणून मी कुत्रा घराबाहेर काढला, आणि त्याच गुंडाळीत, स्वतःच्या हाताने, दत्तालाही कचऱ्यात टाकून आले होते. मी ज्या तसबिरीवर ओरडले होते ती भिंतीवर होती. देव बोनकोड्यात शेळीजवळ दोरीवर लटकत होता.

तिने गोधडी उंबऱ्यावर ठेवली आणि मागे सरली. म्हणाली, “मी आत येत नाय. माज्या हाताला मासली हाय, तुमचा देवाचा दिस.”

मी तिचा तोच हात धरला आणि म्हटलं, मावशी, आत या. माझ्या अंगावर सोवळ्याचं लुगडं होतं. ती आली. राई फरशीवर बसली होती, तिने मान उचलली. म्हातारीने मला विचारलं, “त्याची जागा कुटं व्हती?” मी दाखवली. तिने तिथे गोधडी अंथरली, घडी मोडून, हाताने सपाट केली, आणि पट्टा वर ठेवला.

राई उठली. चालताना मागचे पाय लटपटत होते. गोधडीच्या काठाशी येऊन तिने हुंगलं, मग नाक टेकवून इंच इंच करत पूर्ण गोधडी हुंगली. पट्ट्यापाशी थांबली. तिने तो लांबवलेला आवाज काढला, पण या वेळी शेवटी सूर वर गेला नाही. खाली आला आणि थांबला. मग ती पुढच्या पायांनी गोधडी मळायला लागली, लहानपणी बारदानच्या पोटावर मळायची तशी, आणि पट्ट्यावर हनुवटी ठेवून आडवी झाली. मला रडू आवरेना. म्हातारी पदराने डोळे पुसत होती. आमचा कुत्रा, आमचं मांजर तिचं कोण लागत होतं?

कुत्र्याचं पान अजून माझ्या हातात होतं. म्हातारीने विचारलं, हे कुणाचं? मी सांगितलं. ती म्हणाली, “मंग त्याचा हाय तर त्याच्या जाग्यावर ठेव ना, बाय. हातात कशाला धरलास?”

मी पान गोधडीच्या कडेला ठेवलं. राईने बघितलं, लगेच नाही उठली. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. साधारण पंधरा मिनिटांनी तिने मान लांब केली आणि पानाच्या कडेची साय चाटली. थांबली. पुन्हा चाटली. मग उठून बसून भाताचे चार घास खाल्ले. पोटभर नव्हे, पण आपणहून. मी डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, आज आणू नका, खाऊ द्या, उद्या नुसतं दाखवून जा.

म्हातारीला मी पहिलं महाप्रसादाचं पान वाढलं. तिने आधी नको म्हटलं, मग पोटभर जेवली आणि घेवड्याची भाजी आणखी मागून घेतली. गोधडी परत दिली म्हणून तिच्या शेळीसाठी मी दुसरी शिवून दिली आहे. आता ती दर गुरुवारी पाटी जिन्यात ठेवून पाणी प्यायला वर येते. सेक्रेटरींनी ग्रुपवर जिन्यात मासळीचा वास येतो असं लिहिलं. मी त्याखाली लिहिलं की हो, येतो, आणि यापुढेही येईल.

हा चमत्कार होता का, हे मला कुणी विचारू नये. गोधडी चांगली होती म्हणून तिने उचलली, पाणी नव्हतं म्हणून ती धुतली गेली नाही, आणि वासाने मांजर सावरलं. सगळं सरळ आहे. मला फक्त एवढं माहीत आहे की मला ती गोधडी मिळवता आली नव्हती आणि ती माझ्या दारात आली, मी टाकून दिलेलं सगळं घेऊन. तीस वर्षं मी नियम पाळले आणि त्यालाच शरण जाणं समजत होते. नियम माझ्या हातात होते, म्हणून सोपे होते. त्या दुपारी माझ्या हातात काही नव्हतं, एक पान सोडून, आणि तेही कुठे ठेवायचं ते मला दुसऱ्या कुणी सांगावं लागलं. त्याबद्दल मी महाराजांची ऋणी आहे. बारदानला एकटं जाऊ दिलं याची माफी मात्र मी त्यांच्याकडे मागितलेली नाही. ती बारदानकडे मागायची आहे, रोज गोधडी झटकताना मागते.

राई अजून संध्याकाळी सहाला दाराकडे बघते, पण आता आठपर्यंत बसत नाही. यंदा मार्गशीर्षात मी पुन्हा पारायणाला बसले. आता मी कसं वाचते हे भजनी मंडळातल्या बायकांना कळलं तर त्या काय म्हणतील ते म्हणोत. वाचताना पाटाशेजारी बारदानची गोधडी असते, वर राई असते. अध्याय चालू असताना ती ओरडली, तर मी पोथीत मोरपीस ठेवते आणि उठते.